चौथ्या टप्प्याचा यजमान

प्रिय धाकट्या,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलंय, त्याचा फार अर्थ काढू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की नुसता अंगठा दाखवतोस. आपल्या सायकल मंडळाच्या ग्रुपमधून तर एक शब्द न बोलता बाहेर पडलास. म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला अंगठा दाखवता येत नाही आणि माझं बोलणं मध्येच तोडताही येत नाही. फाडून टाकता येईल, पण तू टाकणार नाहीस, कारण ताईचं पत्र आलंय म्हटल्यावर निदान आप्पांची तब्येत कळावी म्हणून तरी वाचशील. तब्येत सगळ्यात शेवटी सांगणार आहे. आधी माझं ऐकून घे.

एक सेटिंग तर बदललं, त्यात एवढं आकाश कोसळायला काय झालं, असं तू आपल्या भूगोलाच्या सरांना म्हणालास म्हणे. एक सेटिंग! अरे, मी डेपोत बसून दिवसभर दुसरं काय करते? कुठली बस कुठून किती वाजता सोडायची, म्हणजे दोन बाजूंनी येणाऱ्या दोन बस एकाच वेळी स्टँडात लागतील आणि उतारूंची चुकामूक होणार नाही, एवढंच तर माझं काम. त्यात एक आकडा कोणी न सांगता बदलला, तर कोणीतरी म्हातारं माणूस रिकाम्या फलाटावर उभं राहतं. मला त्या माणसाचं तोंड दिसतं, कारण माझी खिडकी फलाटासमोर आहे. तुला दिसत नाही, हाच सगळा घोळ आहे.

आणि मंडळाचं वेळापत्रक लावताना मला किती घाम फुटतो ते तुला माहीत आहे? सायकल चालवताना येतो त्याहून जास्त. सरांची रविवारची शिकवणी, फिजिओबाईंचे घरी जाऊन बघायचे पेशंट, माझी डेपोतली पाळी, आणि वर तुझा तो देश, जिथली घड्याळं वर्षातून दोनदा सरकारी हुकमाने पुढेमागे होतात. मागच्या हंगामात त्या एका तासापायी तू दुसऱ्या टप्प्याला उगवलास तेव्हा आम्ही सगळे घाम पुसून चहा पीत होतो. कोणी तुला बोललं का? कोणी नाही. आप्पा तर अर्धा कप तसाच ठेवून परत सायकलवर चढले. पोरगा एकटा चालवेल म्हणून. आख्खा टप्पा दुसऱ्यांदा चालवला त्या माणसाने, आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना शेक घेत बसले होते. हे तुला त्यांनी सांगितलं नसणार. मी सांगतेय.

हे सगळं सुरू तूच केलंस, ते मी नाकारत नाही. आई गेल्यावर आप्पांनी घराबाहेर पडणंच सोडलं होतं. मग छातीचं ऑपरेशन झालं. डॉक्टर सांगून थकले की रोज हालचाल पाहिजे, पण हे उठतील तर शपथ. तेव्हा तू महिनाभर येऊन राहिलास, आईचं शिलाई मशीन माझ्याकडे हलवलंस आणि त्या जागी खिडकीशी तो स्टँड बसवून त्यावर सायकल चढवलीस. समोर टीव्ही. टीव्हीत रस्ता, डोंगर, झाडं, आणि आपापल्या घरात पायडल मारणाऱ्या माणसांच्या बाहुल्या एकमेकांशेजारून चाललेल्या. रस्ता चढाला लागला की इकडे पायडल जड होतं, हे बघून आप्पा लहान मुलासारखे हसले होते. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, दुसऱ्यांना वर पाठवण्यात जन्म गेला, आता जरा मी स्वतः चढून बघतो, असं म्हणाले होते. 'जागच्या जागी मंडळ' हे नावही त्यांचंच. पाच टप्प्यांचा हंगाम, एक रविवार सोडून एक टप्पा, कानाला लावून एकमेकांशी गप्पा मारायचे माईक, हे सगळं तू आखलंस आणि मी वेळेत बसवलं. चांगलं चाललं होतं रे आपलं. म्हणूनच डोक्यात तिडीक जाते.

दोरीही तुझीच. पहिल्याच दिवशी पहिल्याच चढावर आप्पांची बाहुली मागे पडायला लागली, आणि तू ते एकत्र ठेवायचं सेटिंग चालू केलंस. मग कोणाच्या पायात कितीही जोर असो वा नसो, सगळ्या बाहुल्या एका घोळक्यातच राहायच्या. सरांनी त्याला दोरी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. मला तू बजावलंस की आप्पांना सांगायचं नाही. सगळ्यांनाच बजावलंस. मला ते पटलं नव्हतं, पण टप्पा संपल्यावर आप्पांचा चेहरा बघितला आणि मी गप्प बसले. गालांवर रंग आला होता. दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे गेले, कितीतरी महिन्यांनी. आणि तिथे खुर्चीत बसून सांगितलं की मुलगा परदेशात आहे, पण चढावर माझ्या खांद्याला खांदा लावून असतो.

दोन वर्षं, धाकट्या. दोन वर्षं त्यांनी हे न्हाव्याला सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांना सांगितलं, खालच्या वॉचमनला तर रोज सांगितलं. वॉचमन बिचारा त्यांना बघून सलाम ठोकायचा आणि आज किती डोंगर झाले म्हणून विचारायचा. दोरी आहे हे मंडळातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एक आप्पा सोडून. आणि त्यातून काही बिघडलंही नव्हतं, कारण माणूस खरोखर सुधारत होता. काठी दारामागे गेली होती. तपासणीला डॉक्टरांनी त्यांची पाठ थोपटली होती.

आता त्या रविवारकडे येते, आणि इथून पुढे मला नीट शब्द सापडणार नाहीत, तर समजून घे. किंवा नको घेऊस, माझं काही अडलेलं नाही. आपल्यात नियम आहे की प्रत्येक टप्प्याला एक यजमान. त्याने सगळ्यांच्या आधी हजर व्हायचं, दोरी लागलीय का बघायचं, सगळे आलेत का ते हाका मारून विचारायचं, आणि स्वतः सगळ्यांच्या मागे राहायचं. यजमान शेवटी. हा नियमही तूच केला होतास, आठवतंय? घरी चार माणसं आली की आई सगळ्यांची पानं झाल्यावर बसायची, तसं, असं म्हणाला होतास. मला तेव्हा भरून आलं होतं. आता तेच आठवलं की तुला धरून हलवावंसं वाटतं.

चौथा टप्पा डोंगराचा, आणि यजमान तू. तुला तुझ्या ऑफिसातल्या लोकांना आणायचं होतं. आणायचं होतं तर आणायचं! तू मला विचारलं असतंस तर मी तुमची वेगळी वेळ लावून दिली असती, तासाभराने, खुशाल आपापसात उरी फुटेस्तोवर पळला असतात. पण नाही. तुझ्या साहेबासमोर तुला ऐट दाखवायची होती. आमच्याकडे कसे खरे सायकलवाले आहेत, हे दाखवायचं होतं. म्हणून तू दोरी काढलीस, आणि कोणालाही, एका अक्षराने सांगितलं नाहीस. मी त्या सकाळी डेपोत होते, दोन ड्रायव्हर आलेच नव्हते, तेव्हा माझ्यामागे कोण काय करतंय ते मला कुठून कळणार? मला ते कळलं सोमवारी, फिजिओबाई स्वतः माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा.

त्यांनी जे सांगितलं तेच लिहिते. सगळे सुरुवातीच्या रेषेवर जमले होते, माईक चालू होते. आप्पा सगळ्यांना नमस्कार करत होते, तुझ्या साहेबालाही केला. आणि तुझ्या त्या पाहुण्यांपैकी एकाने, तूच शिकवलेला आपला शब्द वापरून, मोठ्याने विचारलं, की आज दोरी नाही ना, नाहीतर काही मजा नाही. आप्पांनी विचारलं, कसली दोरी. आणि त्या शहाण्याने समजावून सांगितलं. अगदी सविस्तर. कमजोर माणूस मागे पडू नये म्हणून असते, आम्ही नवशिक्यांसाठी लावतो, असं. आप्पांनी विचारलं, आपल्या मंडळात लावतात का. सर बोलले नाहीत, फिजिओबाई बोलल्या नाहीत. आणि तू? तुझा माईक चालू होता, धाकट्या. तुझ्या पंख्याची घरघर सगळ्यांना ऐकू येत होती. तू तिथे होतास, ऐकत होतास, आणि मूग गिळून बसला होतास. मग वेळ झाली आणि तू निघालास. सगळ्यांच्या पुढे.

पहिल्या वळणालाच आप्पा मागे पडले. फिजिओबाई हळू झाल्या, तर आप्पांनी त्यांना माईकवरून सांगितलं की बाई, तुम्ही व्हा पुढे, माझ्यासाठी आज कोणी हळू व्हायचं नाही. मग त्यांनी माईक बंद केला. म्हणजे आपला बाप तो आख्खा डोंगर एकट्याने चढला, टीव्हीतल्या रिकाम्या रस्त्यावरून, पुढे एक बाहुली नाही, मागे एक नाही. छातीवर टाके घातलेला माणूस. सोडून दिला असता कोणीही. त्यांनी नाही सोडला. ते पोचेपर्यंत तुम्ही सगळे निघून गेला होतात आणि तू ग्रुपवर साहेबाचा पहिल्या नंबराचा फोटो टाकून खाली टाळ्या वाजवल्या होत्यास. तुला लाज कशी वाटली नाही रे? मी हे शांतपणे विचारतेय असं समजू नकोस, मी दात ओठ खाऊन विचारतेय.

सोमवारी संध्याकाळी मी घरी गेले तर सायकलवर चादर घातलेली. पलंगावरची निळी, आईने टिपा मारलेली. आप्पा पाठ करून बसले होते. मी शेजारी बसले तेव्हा लिफ्टबद्दल बोलायला लागले. आत बसलेल्या माणसाला वाटतं आपण सरळ वर चाललोय, आणि पलीकडे तारेला आपल्याइतकंच वजन बांधलेलं असतं, ते खाली जातं म्हणून आपण वर जातो, आणि आतून ते कधी दिसत नाही. चाळीस वर्षं मी ती वजनं तोलून लावली आणि माझं मला नाही दिसलं, एवढं म्हणाले. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तुझं नावसुद्धा घेतलं नाही.

त्यानंतर ते सायकलला शिवले नाहीत. न्हाव्याकडे गेले नाहीत, कारण तो विचारेल. वॉचमनला टाळायला मागच्या जिन्याने उतरायला लागले, मग उतरणंच बंद केलं. दारामागची काठी परत हातात आली. तपासणीला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं की असंच पडून राहिलात तर पुढच्या वेळी मला काही करता येणार नाही. मी बाहेर येऊन तुला फोन लावला. तीनदा लावला. तू उचलला नाहीस. त्याच दिवशी तू ग्रुपमधून बाहेर पडलास, आणि सरांकडून कळलं की स्टँडही विकायला काढलायस. वा! करायचं ते केलं आणि शेपूट घालून पळ काढला. तुला काय वाटलं, तू गेलास म्हणजे मिटलं? मी तुला काढून टाकण्याआधी तू गेलास, एवढंच. पुढे ढकललेला पाचवा टप्पा मी तुला वगळून आखायला घेतला होता, आणि सांगते तुला, एक नाव खोडताना इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मग गेल्या गुरुवारी आप्पा डेपोत आले. एकटे, बसने. मी खिडकीतून बघितलं तर काठी टेकत फलाट ओलांडतायत. आत आले, ड्रायव्हरांच्या बाकावर बसले, पाणी प्यायले, आणि मला विचारलं की लांबून येणारी बस आणि जवळून येणारी बस एकाच वेळी स्टँडात कशी लागते गं. मी म्हटलं, आप्पा, लांबची आधी सोडायची, त्यात काय. ते म्हणाले, मग तसंच कर. दोरी नको. मी सगळ्यांच्या आधी निघतो, मला किती वेळ लागतो ते आता मला पक्कं माहीत आहे. बाकीचे ज्याच्या त्याच्या दमाप्रमाणे मागून निघा. भेटू वरच्या टोकाला.

चादर तीन दिवसांपूर्वीच काढली होती त्यांनी, मला न सांगता. रोज सकाळी तोच डोंगर एकटे चढून बघत होते, जमेल तेवढा, दमले की उतरत होते. फिजिओबाईंना विचारून, नाडी तपासून. मला रडू आलं आणि रागही आला, की हे म्हातारं मला का सांगत नाही, मी काय परकी आहे? तिथेच, डेपोच्या टेबलावर, आम्ही दोघांनी त्याच डोंगराचा पाचवा टप्पा बसवला. मोकळा रस्ता, सेटिंगबिटिंग काही नाही, ज्याने त्याने आपल्या घड्याळाने निघायचं. पहिले आप्पा. त्यांच्या मागून सर, मग मी, मग फिजिओबाई. बाकावरचे ड्रायव्हरसुद्धा गंमत म्हणून आकडे सांगायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं नेटकं वेळापत्रक मी लावलं नव्हतं.

आता हे पत्र कशाला, ते ऐक. माझं चाललं असतं तर मी तुला चार ओळीही लिहिल्या नसत्या, आणि हा राग मी माझ्याबरोबर म्हातारपणापर्यंत नेला असता. पण सगळं ठरल्यावर आप्पांनी विचारलं, शेवटची गाडी कोणाची. मी म्हटलं, फिजिओबाईंची, झालं, संपलं. ते म्हणाले, नाही, सगळ्यात जोरात चालवणारा अजून राहिलाय, त्याला शेवटी सोड. मी बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तुला माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत, तेव्हा तसल्या समजुतीत राहू नकोस. ते कदाचित तोंडावर सांगतील तुला, जे सांगायचं ते, तो त्यांचा प्रश्न. मला एवढंच सांगितलं की त्याला लिही, मागून ये, मला गाठता येतं का बघ. आणि गाठलंस तर शेजारी येऊन हळू होऊ नकोस. हात कर आणि पुढे जा. हळू झालास तर मला लगेच कळेल, आता मला कळतं. तुझी निघायची वेळ पाठीमागे लिहिली आहे, तुझ्या देशाच्या घड्याळाप्रमाणे, तुमच्या सरकारचा तो तास धरून, दोनदा तपासून. तो स्टँड विकला असशील तर कुठूनही परत आण. तब्येतीचं विचारत असशील, तर डॉक्टर म्हणतात चालवू दे, आणि काल ते पुढच्या जिन्याने उतरून वॉचमनशी बोलले. तुझ्या मागे या वेळी कोणी नसेल, धाकट्या. यजमान शेवटी असतो. चौथ्या टप्प्याला राहिलं ते पाचव्याला कर.

राग अजून तसाच असलेली, तरी तुझीच,
ताई